मोजून सांग
(आपल्या शाळेच्या 1993 च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सकाळी हजेरी झाली तेव्हा माझ्या नावापाशी सगळे हसले. सरांनी नाव पुकारलं, मी गप्प. दुसऱ्यांदा पुकारलं, तरी गप्प. शेवटी शेजारच्यानं कोपरानं ढोसलं, तेव्हा उठून "हजर सर" म्हणालो. मागून कुणीतरी बोललं, "बत्तीस वर्षं झाली, गडी अजून वर्गात झोपतोच." मीही हसलो. पण मी झोपलो नव्हतो. मला नाव ऐकूच आलं नव्हतं.

संयोजकांनी सांगितलंय की प्रत्येकानं आपापल्या कामाविषयी पंधरा मिनिटं बोलायचं. आमचे डॉक्टर शुगरवर बोलले, बँकवाले कर्जावर बोलले. मी मेकॅनिक. दहावीनंतर नांदेडला आयटीआय केलं, काही वर्षं पुण्याकडं गॅरेजात काढली, आणि 2002 पासून इथंच हदगावात मेन रोडला माझं गॅरेज आहे. तुमच्यातल्या अर्ध्या लोकांच्या गाड्या माझ्याकडं येतात, म्हणून तुम्ही मला हाताला धरून आणलं. मी आज सायलेन्सरवर बोलणार आहे. त्यात माझ्या कानाचीही गोष्ट आहे आणि सरांचं एक जुनं देणंही आहे.

गोष्ट 2011 च्या मार्चमधली. हळदीला भाव चांगला होता. जवळच्या गावच्या एका पोरानं जुनी डिझेल कार घेतली होती, 1.3 लिटरचं टर्बो इंजिन. हे इंजिन 2007 साली स्विफ्टमध्ये आलं आणि त्यानंतर टर्बो हा शब्द आपल्याकडं घरोघरी गेला. त्याआधी टर्बो म्हणजे ट्रकच्या मागं लिहिलेलं असायचं. तो पोरगा माझ्याकडं आला आणि म्हणाला, "दादा, गाडीला पिकअप नाही. वारंगा फाट्याच्या पुढं ट्रक ओव्हरटेक करताना जीव जातो. सायलेन्सर काढून सरळ पाईप टाका."

मी त्याला नको म्हणायला पाहिजे होतं. पण मलाही ते बरोबर वाटत होतं. पुण्यात असताना ऐकलेलं होतं की टर्बोच्या मागं धुराला जितकी वाट मोकळी, तितका टर्बो मोकळा फिरतो. शिवाय कामाचे पैसे मिळणार होते. मी सायलेन्सर कापला, सरळ पाईप क्लॅम्पनं बसवला, आणि ट्रायल घ्यायला निघालो. काय आवाज, विचारू नका! ॲक्सिलेटर दाबला की छातीत धडधड. पोरगा खुश, मी खुश. दोघांनाही वाटलं की गाडी आता पळते. खुशीच्या भरात शाळेच्या रस्त्यानं तीन चकरा मारल्या.

तिसऱ्या चकरेला सर फाटकात उभे होते. तेव्हा ते मुख्याध्यापक होते. त्यांनी हात केला, मी गाडी थांबवली. वाटलं, आता कान पिळणार. पण सर अगदी काळजीनं म्हणाले, "काय रे, गाडी बिघडली का?"

मी म्हणालो, "नाही सर, पॉवर वाढवली."

सर म्हणाले, "किती?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी म्हणालो, "लय फरक पडलाय सर." सर म्हणाले, "लय म्हणजे किती? मोजून सांग." आणि जाता जाता एवढंच म्हणाले, "आत बोर्डाचा पेपर चालू आहे."

मी गाडी बंद केली. त्या पोराला खाली उतरवलं, आणि दोघांनी मिळून ती गाडी ढकलत चौकापर्यंत नेली. लोक विचारत होते, "डिझेल संपलं का?" मी हो म्हणत होतो.

सरांनी आपल्याला ध्वनीचा धडा शिकवला होता, आठवतं का? चिमटा वाजवून पाण्याच्या पेल्यात बुडवला होता आणि पाणी उडालं होतं. आवाज म्हणजे कंप, आणि कंप म्हणजे जोर, हे आपण त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. पण प्रयोगाच्या वहीत सर नेहमी शेवटी लाल शाईनं एकच लिहायचे, "निरीक्षण कुठे आहे?" माझ्या वहीत तर प्रत्येक पानावर. मी घरी गेलो, रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी कापलेल्या सायलेन्सरला फ्लँज वेल्ड केला, म्हणजे तो पाहिजे तेव्हा बसवता येईल आणि पाहिजे तेव्हा काढता येईल. पहाटे रस्ता मोकळा असताना एक सपाट, सरळ तुकडा निवडला. मी गाडी चालवणार, पोरगा घड्याळ धरणार. तिसऱ्या गिअरमध्ये 40 वरून 80 ला जायला किती वेळ लागतो ते पाहायचं. जाताना तीन वेळा, येताना तीन वेळा, म्हणजे उताराचा आणि वाऱ्याचा फरक निघून जातो. सायलेन्सर लावून सरासरी आली 11.2 सेकंद. काढून आली 11.0 सेकंद.

0.2 सेकंद! हातातल्या घड्याळाचं बटण दाबण्यातच तेवढी चूक होते. पोरगा वही बघून म्हणाला, "असं कसं? मला तर दुप्पट पळाल्यासारखी वाटली." मलाही तसंच वाटलं होतं.

असं का होतं, ते आता सांगतो. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारी भिंगरी. इंजिनातून बाहेर पडणारा धूर गरम असतो आणि जोरात असतो. तो जोर आपण फुकट हवेत सोडतो. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखी नावाच्या इंजिनिअरनं 1905 साली या जोराला कामाला लावण्याचं पेटंट घेतलं. धूर एका चाकाला फिरवतो, त्याच दांड्यावर दुसरं चाक असतं, आणि ते बाहेरची हवा दाबून इंजिनात घालतं. लहान गाड्यांत ही चाकं मिनिटाला एक लाखाच्या वर फेरे घेतात. हवा जास्त, म्हणून डिझेलही जास्त जाळता येतं, आणि म्हणून लहान इंजिन मोठ्या इंजिनाचं काम करतं.

यातली मेख अशी, की धुराचा जोर टर्बोनं आधीच खाल्लेला असतो. बिनटर्बोच्या इंजिनातून धूर धप्पधप्प करत, तुकड्या-तुकड्यानं बाहेर येतो. टर्बोच्या चाकातून गेला की ते धक्के बऱ्यापैकी सपाट होतात. टर्बो स्वतःच अर्धा सायलेन्सर असतो. फॉर्म्युला वनच्या गाड्यांना तर सायलेन्सर नसतोच. नोएडाला 2011 ते 2013 शर्यती झाल्या, तेव्हा त्यांत आठ सिलिंडरची बिनटर्बो इंजिनं होती. 2014 पासून सहा सिलिंडरची 1.6 लिटरची टर्बो इंजिनं आली. फेरे कमी झाले, धुराचा जोर टर्बोनं खाल्ला, आणि प्रेक्षकांची तक्रार सुरू झाली की गाड्यांचा आवाज गेला. एका टीमनं स्पेनमध्ये धुराच्या नळीला तुतारीसारखं तोंड लावून आवाज मोठा होतो का हेही करून पाहिलं. गाड्यांची ताकद काही कमी झाली नव्हती. लोकांना फक्त आवाज पाहिजे होता.

आता कुणी म्हणेल, टर्बोच्या मागं वाट मोकळी केली की फायदा होतो हे खोटं आहे का? खोटं नाही. चाकाच्या पुढच्या आणि मागच्या दाबात जितका फरक, तितकं चाक जोरानं फिरतं. शर्यतीच्या गाडीत पाईप मोठा करतात, कॉम्प्युटरची सेटिंग बदलतात, डिझेल-पेट्रोल जास्त सोडतात, आणि तेव्हा ताकद वाढते. पण आपल्या रस्त्यावरच्या गाडीत टर्बोनं किती दाब करायचा आणि डिझेल किती सोडायचं, हे गाडीचा कॉम्प्युटर ठरवतो. ठरलेला दाब झाला की तो पुढं जाऊ देत नाही. तुम्ही मागून सायलेन्सर काढा, नाहीतर टोपलं लावा, त्याचा हिशोब तोच. फार तर दाब क्षणभर लवकर तयार होतो. माझे ते 0.2 सेकंद त्यातले असतील, नाहीतर घड्याळाच्या बटणातले.

मग त्या पोराच्या गाडीला पिकअप का नव्हता? ही माझ्या लाजेची गोष्ट आहे, तरी सांगतो. सायलेन्सर परत बसवला, गाडी शांत झाली, आणि लोडवर चालवताना मला बॉनेटमधून बारीक 'फुस्स' असा आवाज आला. टर्बोकडून इंटरकूलरकडं जाणारा जो रबरी होज असतो, त्याला क्लॅम्पच्या खाली बोटभर चीर पडली होती. टर्बो हवा दाबत होता आणि ती हवा इंजिनात जाण्याऐवजी चिरेतून बाहेर जात होती. एअर फिल्टर उघडला तर त्यात आपल्या काळ्या मातीची धूळ इतकी, की पाऊस पडला असता तर सोयाबीन उगवलं असतं. होज बदलला, फिल्टर बदलला. पुन्हा पहाटे त्याच रस्त्यावर, त्याच गिअरमध्ये, सायलेन्सर लावून मोजलं. 8.4 सेकंद.

सायलेन्सर काढला नसता तर तो 'फुस्स' मला पहिल्याच दिवशी ऐकू आला असता. मी आवाज वाढवला आणि रोग त्या आवाजाखाली दडपला. वैद्य नाडी बघतो तसं मेकॅनिक कानानं बघतो. टर्बोचं बेअरिंग जायला लागलं की बारीक शिट्टी येते, इंजेक्टर बिघडला की टकटक येते. ज्या गाडीचा सायलेन्सर काढलेला असतो, तिची नाडी लागत नाही.

बाकीचे तोटे थोडक्यात सांगतो, कारण इथं बऱ्याच जणांची पोरं गाड्या चालवतात. गाडीच्या पोटाखाली पाईप मध्येच कापला की धूर मागं न जाता फ्लोअरच्या भोकांतून आत येतो. मागच्या सीटवर लेकरं बसलेली असतात. डिझेलच्या धुरानं कॅन्सर होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं 2012 साली जाहीर केलेलं आहे. गरम पाईप डिझेलच्या नळीजवळ, वायरिंगजवळ येतो. शेतात वाळलेल्या काडीवर गाडी उभी केली तर पेट घेऊ शकते. 2020 च्या एप्रिलनंतरच्या बीएस-6 डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो. सायलेन्सरच्या नादात काही जण तोही पोकळ करतात. तसं केलं की गाडीत दिवा पेटतो आणि गावात काजळी पडते.

कायदाही माहीत असू द्या. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला 120 वा नियम म्हणतो की प्रत्येक वाहनाला सायलेन्सर पाहिजे, आणि त्यात ट्रॅक्टरही धरलेला आहे. गाणी लावून फिरणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यांनी लक्षात ठेवावं! मोटार वाहन कायद्याच्या कलम 190 मध्ये आवाजाचे नियम मोडून गाडी चालवली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि तीन महिने लायसन्स बंद. पुणे, मुंबई, नागपूरला पोलिसांनी जप्त केलेले बुलेटचे सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांच्यावर रोडरोलर फिरवला, ते फोटो तुम्ही पेपरात पाहिले असतील. आमच्याकडं त्याला पंजाब सायलेन्सर म्हणतात. चिरडलेला सायलेन्सर बघून गर्दी हसते. पण तो बसवून देणारा हात कुठल्यातरी गॅरेजातला असतो, तो फोटोत येत नाही. म्हणून मी आज माझा हात वर करतोय.

आता कानाचं. दोन वर्षांपूर्वी घरचे म्हणायला लागले, टीव्ही किती मोठा लावता. फोनवर 'सात' म्हटलं की मला 'आत' ऐकू यायचं. रात्री सगळं शांत झालं की कानात रातकिडा ओरडायचा. नांदेडला जाऊन तपासणी केली. डॉक्टरांनी कागदावरची रेघ दाखवली, उजवीकडं खाली घसरलेली. म्हणाले, बारीक, उंच आवाज गेलेत. 'स', 'श', 'फ' हे त्यातच येतात. आतल्या कानात बारीक केसांसारख्या पेशी असतात, त्या मोठ्या आवाजानं मरतात आणि परत येत नाहीत. 85 डेसिबलचा आवाज आठ तास चालतो. त्याच्या वर दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. 88 ला चार तास, 91 ला दोन तास, 100 डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. मी तेवीस वर्षं हातोडा, ग्राइंडर, कॉम्प्रेसर आणि उघड्या पाईपच्या गाड्यांजवळ कान न झाकता काढली. सगळा दोष सायलेन्सरचा नाही. पण प्रत्येक उघड्या पाईपच्या मागं मी गुडघ्यावर बसून कान लावलेला आहे.

डॉक्टरांकडून आल्यावर मी एक गोष्ट वाचली. मशीनगन काढणारे हायराम मॅक्झिम होते ना, ते आयुष्यभर स्वतःच्या बंदुकांचा आवाज ऐकून बहिरे झाले. आणि त्यांचा मुलगा हायराम पर्सी मॅक्झिम, यानं बंदुकीचा सायलेन्सर काढला, 1909 साली त्याचं पेटंट घेतलं, आणि त्याच युक्तीवर इंजिनाचे सायलेन्सरही केले. बापाच्या कानाची किंमत मुलाला कळली. माझा मुलगा आता अठरा वर्षांचा आहे. मागच्या महिन्यात म्हणाला, "पप्पा, आपल्या गाडीला स्ट्रेट पाईप टाकू." मी त्याला ती 2011 ची वही दिली. म्हणालो, आधी वाच, मग मोज, मग बोलू. त्यानं वही वाचली. अजून मोजायला आलेला नाही.

आता मी तुमच्याकडं दोन गोष्टी मागतो. पहिली, ज्यांच्या घरी कापलेल्या सायलेन्सरची गाडी आहे, कार असो की बुलेट की ट्रॅक्टर, त्यांनी ती माझ्याकडं आणावी. सामानाचे पैसे लागतील, बसवायची मजुरी मी घेणार नाही. दुसरी, ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 साली झाले, त्यांनुसार शाळा आणि दवाखान्यापासून 100 मीटरपर्यंत शांतता क्षेत्र धरता येतं. तिथं दिवसा 50 डेसिबलची मर्यादा आहे. आपल्या शाळेच्या रस्त्यावर त्याचा बोर्ड नाही. बॅचच्या निधीतून दोन बोर्ड करू, दोन्ही बाजूंनी लावू. नगरपरिषदेकडं अर्ज मी घेऊन जातो, सह्या तुम्ही करा. मार्चमध्ये पुन्हा पेपर आहेत.

शेवटचं, सरांसाठी. सर, 2011 साली तुम्ही विचारलं होतं, "किती?" मोजून सांग म्हणाला होतात. मी मोजलं होतं सर, पण सांगायला यायची लाज वाटली. सायलेन्सर काढून 0.2 सेकंद मिळाले. होज आणि फिल्टर बदलून 2.8 सेकंद मिळाले. आणि माझा डावा कान साधारण चाळीस टक्के गेला, तो डॉक्टरांनी मोजला. वही सोबत आणलीय. जेवण झाल्यावर दाखवतो. शेवटच्या पानावर जागा ठेवलीय, तिथं लाल शाईनं सही करा.

आणि पुढच्या मेळाव्याला हजेरी घ्याल तेव्हा माझं नाव जरा मोठ्यानं घ्या सर. मी झोपलेला नसतो.